पंगतीत मान, हॉटेलात ‘ए, पाणी आण’

शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात सेवेकरी व्हायचं तर आधी नाव नोंदवावं लागतं आणि मग पाळी येण्याची वाट पाहावी लागते. महाप्रसादाच्या पंगतीत वाढणं, खरकटी ताटं उचलणं, फरशी पुसणं, रांगेतल्या माणसाला ‘माउली’ म्हणत पुढे सोडणं, ही सगळी कामं तिथे हजारो माणसं एक पैसा न घेता करतात. त्यांत शेतकरी असतात, मास्तर असतात, बँकेतून निवृत्त झालेले साहेबही असतात. ‘या खेपेला वाढायची सेवा मिळाली’ हे घरी परतल्यावर चारचौघांत सांगताना त्यांचा ऊर भरून येतो. लग्नकार्यातही तेच. कॅटरर कितीही मोठा असो, व्याह्यांची पंगत बसली की मुलीच्या बापाने जिलबीचं ताट हातात घेऊन एक फेरी मारलीच पाहिजे. नाही मारली तर ती गोष्ट पुढची चार लग्नं पुरते.

तोच निवृत्त साहेब परतीच्या वाटेवर ढाब्यावर टेकतो आणि स्वतःच्या वयाच्या वेटरला म्हणतो, ‘ए, आधी पाणी आण.’

म्हणजे अन्न वाढणं मराठी माणसाला हलकं वाटत नाही. हलकं वाटतं ते मोलाने वाढणं, आणि त्यातही ज्याला ‘नाही’ म्हणायची सोय नाही अशा माणसाने वाढणं. हॉटेल कामगारांच्या प्रतिष्ठेबद्दल बोलताना ‘त्यांच्याशी गोड बोला, थँक्यू म्हणा’ असा उपदेश करण्याची पद्धत आहे. गोड बोलावंच, त्यात कुणाचं काही जात नाही. पण प्रश्न शिष्टाचाराचा असता तर तो केव्हाच सुटला असता.

या हलकं वाटण्याची एक मुळी जातीत आहे, हे आधी कबूल केलेलं बरं. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या चाकरीत असलेल्या गंगाराम कांबळे यांनी मराठ्यांसाठी राखलेल्या हौदातल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारण्यात आलं. महाराज परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितलं, चाकरी सोड, स्वतःचा धंदा काढ. भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल निघालं. भांडी स्वच्छ, चहा फक्कड, पण गिऱ्हाईक फिरकेना. दलिताच्या हातचा चहा पिणार कोण? मग महाराजांची गाडी त्या हॉटेलासमोर थांबू लागली. भर रस्त्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते चहा मागवत, स्वतः पीत आणि गाडीत सोबत असलेल्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजत. राजाने घेतलेला कप नाकारणार कसा? ही गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळदा सांगितली जाते, पण ती बहुधा राजाच्या मोठ्या मनाची म्हणून सांगितली जाते. महाराजांनी नेमकं काय केलं ते पाहिलं तर त्यात सहानुभूतीचं भाषण कुठेच नाही. एका माणसाला त्यांनी धंद्यात उभं केलं आणि पाठोपाठ गिऱ्हाईक मिळवून दिलं.

पुढे राज्यघटनेच्या 15 व्या कलमाने उपाहारगृहात शिरताना जात आड येणार नाही, अशी हमी दिली. ही हमी टेबलाशी बसणाऱ्याची. टेबलाच्या पलीकडे उभा असलेला माणूस कोण, कुठला, हे विचारण्याची खोड मात्र गेली नाही. सप्टेंबर 2017 मध्ये पुण्यात हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी घरच्या धार्मिक कार्याला स्वयंपाक करणाऱ्या बाईविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. तक्रार चवीची नव्हती, स्वच्छतेची नव्हती, पैशांचीही नव्हती. ब्राह्मण सुवासीण असल्याचं खोटं सांगून सोवळं मोडलं, ही तक्रार होती. गदारोळ झाल्यावर ती मागे घेतली गेली, पण ती द्यावीशी वाटली हे विसरता येत नाही. जुलै 2019 मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने जेवण घेऊन येणारा मुसलमान आहे म्हणून झोमॅटोची ऑर्डर रद्द केली. मार्च 2024 मध्ये याच कंपनीने शुद्ध शाकाहारींसाठी हिरव्या शर्टाची वेगळी पलटण जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी तो हिरवा शर्ट मागे घेतला. कारण उघड होतं. लाल शर्ट म्हणजे मांसाहार असं समीकरण बसलं असतं आणि सोसायट्यांनी लाल शर्टवाल्यांना फाटकातच अडवलं असतं. कंपनीला हे उमगायला एक दिवस लागला. फाटकावर रोज उभं राहणाऱ्या कुठल्याही पोराने ते एका मिनिटात सांगितलं असतं.

दुसरी मुळी मजुरीची. जातीची पकड शहरात थोडीफार सैल झाली असेल, पण ही घट्टच होत चालली आहे.

चालू हॉटेलातलं काम जवळून पाहिलं तर ते बिनकौशल्याचं आहे असं म्हणण्याची हिंमत होणार नाही. गर्दीच्या वेळी चांगला वेटर सहा टेबलांच्या ऑर्डरी कागद न घेता डोक्यात ठेवतो. कुणाचा डोसा बिनकांद्याचा, कुणाची कॉफी बिनसाखरेची, कोण मघापासून बिलासाठी तिष्ठत आहे, सगळं त्याच्या ध्यानात असतं. डाव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत बशा रचून तो भरल्या हॉटेलातून वाट काढतो आणि सांबाराचा थेंब सांडत नाही. भट्टीशी उभ्या असलेल्या आचाऱ्याच्या हाताला भाजल्याचे जुने-नवे डाग असतात. विचारलं तर कुठला कधीचा हे त्यालाही सांगता येत नाही. आणि सगळ्यांत मागे, गिऱ्हाइकाच्या नजरेला कधीच न पडणारा मोरीवाला. दिवसभर साबणाच्या पाण्यात राहून त्याच्या बोटांची साल निघालेली असते, पायाच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात. रात्री शटर खाली ओढलं की खुर्च्या टेबलांवर उलट्या चढतात, फरशी धुतली जाते आणि ती वाळायच्या आत त्याच फरशीवर पोरांच्या पथाऱ्या पडतात. नेहमीचा गिऱ्हाईक ज्या हॉटेलला प्रेमाने ‘आपलं दुसरं घर’ म्हणतो, ते यांचं खरोखरच एकमेव घर असतं.

या पोरांसाठी कायदे नाहीत असं नाही. हॉटेलांना आणि खाणावळींना महाराष्ट्रात किमान वेतन लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेल, ढाबे, चहाच्या टपऱ्यांवर ठेवण्यास 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे, तरी ‘छोटू’ अशी हाक अजून कानावर पडते. राज्य कामगार विम्यासाठी दहा कामगार लागतात, भविष्यनिर्वाह निधीसाठी वीस. 2017 चा राज्याचा दुकाने व आस्थापना कायदाही दहा कामगारांच्या उंबरठ्यावरच सुरू झाला. साहजिकच अनेक हॉटेलांची नोंदवही नऊ माणसांवर थबकते. वाटपी, आचारी, मोरीवाला, बाहेर चहा पोचवणारा, अशी प्रत्यक्षातली डोकी मोजायला कुणी जात नाही. राहणं-जेवण फुकट म्हणून पगार कमी, आणि राहणं म्हणजे ती धुतलेली फरशी.

सरकार स्वतः तरी वेगळं कुठे वागतं? शाळांमधून पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांना 2009 मध्ये महिना एक हजार रुपये ठरले. महाराष्ट्रात ते वाढत वाढत अडीच हजारांवर आले, तेही वर्षाचे दहा महिने. शंभर-दीडशे पोरांची खिचडी शिजवायची, वाढायची, भांडी घासायची. या रकमेला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. म्हणजे पंगतीतला तो मान सरकारने बरोबर उचलला आणि धनाची बाजू तेवढी उणी ठेवली.

आता याच्या उलट काही उदाहरणं आहेत आणि ती सगळी इथल्याच मातीतली आहेत.

मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापुराकडून आलेले कामगार एका खोलीत दाटीवाटीने राहत आणि जेवायला खाणावळवालीकडे जात. ही खाणावळवाली म्हणजे त्याच चाळीतली एक बाई. बहुतेक वेळा नवऱ्याची गिरणी सुटलेली किंवा नवराच गेलेला. दहा बाय दहाच्या खोलीत पहाटेपासून स्टोव्ह पेटवून पाळ्यांप्रमाणे डबे काढायचे, पंधरा-वीस माणसांना दोन वेळा जेवू घालायचं, आणि किराण्यासाठी सावकाराचं भरमसाट व्याज भरायचं. गिरणी संपाच्या दिवसांत कामगारांना उधारीवर जगवलं ते याच बायकांनी, पण संपाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख शोधावा लागतो. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांच्या हे ध्यानात आलं. त्यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायकांचे गट केले, एकमेकींना जामीन राहायला लावलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या दारात त्यांना उभं केलं. सही येत नव्हती त्या बायकांनी अंगठे उठवून कर्जं घेतली आणि फेडली. ‘जेवण करून विकणारी बाई’ हा शेजारपाजाऱ्यांच्या तोंडचा शब्दप्रयोग फारसा आदराचा नव्हता. बँकेत खातं असलेली, सावकाराला दारातून परत पाठवणारी बाई म्हटल्यावर त्याच तोंडांना जरा जपून बोलावं लागलं. पुरव यांना पुढे पद्मश्री मिळाली. पण मंडळाचं खरं यश म्हणजे सावकार सुटला.

डबेवाल्यांची गोष्ट तर जगाला ठाऊक आहे. 2003 मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स त्यांना भेटले, 2005 मध्ये लग्नाचं बोलावणंही आलं. अचूकपणाचं कौतुक मॅनेजमेंटच्या वर्गांतून झालं. त्या कौतुकात एक बारकी गोष्ट मात्र मागे पडते. एखाद्या घरचा डबा रोजच उशिरा तयार होत असेल, तर डबेवाला ते गिऱ्हाईक सोडून देतो. तो कुणाचा नोकर नाही. मावळ-जुन्नरकडच्या आपल्या माणसांच्या टोळीत बरोबरीचा वाटेकरी आहे. डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीचा रुबाब तिथून येतो. कोविडनंतर त्यांची संख्या बरीच घटली हे खरं, पण उरलेल्यांशी ‘ए’ म्हणून बोलण्याची आजही कुणाची छाती होत नाही.

त्याच लोकलच्या स्टेशनाबाहेर, त्याच इमारतींमध्ये जेवण पोचवणारा ऑनलाइन कंपनीचा पोरगा पाहा. तोही दुसऱ्याच्या घरचं जेवण वेळेत नेतो. पण ग्राहकाने एक चांदणी दिली की त्याच्या पोटावर पाय येतो, आणि आयडी बंद झाला की कुठे भांडायचं हेही त्याला कळत नाही. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, अपघात त्याचा. कंपनी त्याला भागीदार म्हणते. डबेवाल्यासारखा वाटा तर सोडाच, नोकराचे हक्कही देत नाही. मोठ्या इमारतींत त्याने सामानाच्या लिफ्टने जायचं असतं. ऑक्टोबर 2024 मध्ये झोमॅटोचे प्रमुख दीपिंदर गोयल स्वतः डिलिव्हरीचा शर्ट चढवून गुरुग्रामच्या एका मॉलमध्ये ऑर्डर आणायला गेले, तर त्यांनाही लिफ्ट सोडून जिना दाखवण्यात आला. त्यांनी ते जाहीर सांगितलं, हे चांगलं झालं. बाकीचे लाखो लोक जिना चढत राहिले. सामाजिक सुरक्षेच्या 2020 च्या संहितेत या कामगारांची व्याख्या आहे आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी, अशी तरतूद आहे. संहिता लागू व्हायलाच नोव्हेंबर 2025 उजाडला.

वेटरच मालक झाले तर काय होतं, याचाही प्रयोग देशात होऊन गेला आहे. 1950 च्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली तेव्हा कामगारांवर घरी बसायची पाळी आली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सहकारी संस्था काढायला लावलं. 1957 मध्ये बेंगळुरू आणि दिल्लीत सुरुवात झाली, पुढे केरळ, जबलपूर, कोलकाता असं जाळं पसरलं. पांढरा गणवेश, पंख्यासारखा तुरा काढलेला फेटा आणि कमरेला रुंद पट्टा, हा वसाहतीच्या काळातला नोकराचा वेश त्यांनी तसाच ठेवला. पण आत शिरलेला माणूस कपबश्या उचलण्यापासून सुरुवात करून वेटर, मग व्यवस्थापक होऊ शकतो, आणि संस्थेत त्याचं मत असतं. एक कॉफी घेऊन तीन तास बसणाऱ्या बुद्धिमंतांना त्या फेटेवाल्याने कधी उठवलं नाही, तसं त्या बुद्धिमंतांनीही त्याला चुटकी वाजवून बोलावल्याचं कुणी सांगत नाही. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने साखर कारखाने काढले, सूतगिरण्या काढल्या, बँका काढल्या; वाढप्यांचं हॉटेल त्याला फारसं सुचलं नाही.

मध्यमवर्गाचा तिढा याहून गमतीचा आहे. देशातली पहिली हॉटेल-शिक्षणाची संस्था मुंबईत 1954 मध्ये निघाली, लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने. दादरचं केटरिंग कॉलेज म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे. अशा कॉलेजांतून लाखांनी फी भरून मुलं जे शिकतात त्यात टेबल लावणं आणि ताट उचलणं येतंच. तोच मुलगा क्रूझवर लागला की आई शेजारणीला बोलावून सांगते. गोव्यात बोटींवर स्वयंपाकी आणि स्टुअर्ड म्हणून गेलेल्या तारवट्यांनी तर पिढ्यान्‌पिढ्या गावात घरं बांधली आणि मुंबईतल्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिघरांत, एकमेकांना आधार देत राहिले. तिथे त्यांच्या कामाला कुणी नाक मुरडलं नाही. आणि ब्रिटनला एमएस्सी करायला गेलेला पुण्याचा मुलगा, आठवड्याला वीस तासांची मुभा वापरून रेस्टॉरंटात प्लेटा धुतो तेव्हा तो ‘स्वतःच्या पायावर उभा’ असतो. फर्ग्युसन रस्त्यावर तेच काम करणारा मुलगा ‘शिकला नाही म्हणून’ तिथे असतो. पौंड आणि रुपया यांच्या विनिमय दरात प्रतिष्ठाही धरलेली असते, असं दिसतं.

ब्रिटनचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. तिथे 1 ऑक्टोबर 2024 पासून टिपेची आणि सर्व्हिस चार्जची सगळी रक्कम कामगारांना देणं मालकांवर कायद्याने बंधनकारक झालं. भारतातही सर्व्हिस चार्जवरून जोरदार लढाई झाली. ग्राहक प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की हा आकार बिलात सक्तीने लावता येणार नाही. निकाल योग्यच. पण जवळपास तीन वर्षांच्या वादात एका बाजूला ग्राहक होता, दुसऱ्या बाजूला मालक. ज्याच्या सेवेचा हा आकार, तो बिल घेऊन टेबलाशी उभा होता. उभा हे शब्दशः. कारण दुकानांतल्या कामगारांना कामाच्या वेळात बसायला जागा द्यावी, हा साधा हक्क केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये कायद्यात घातला. महाराष्ट्रातल्या हॉटेलांच्या संदर्भात ती चर्चाही फारशी ऐकू येत नाही.

हॉटेलातून वर आलेल्यांचा गौरव करायला मात्र सगळे पुढे. नारायण सुर्वे पोरवयात हॉटेलात राबले, हे त्यांच्यावरच्या प्रत्येक भाषणात येतं. 2014 च्या निवडणुकीत तर चहावाल्यावरून देशभर रण पेटलं. एका पक्षाच्या नेत्याने हिणवलं, दुसऱ्या पक्षाने ‘चाय पे चर्चा’ मांडल्या. त्या हजारो चर्चांमध्ये चहा आणून देणाऱ्या पोराला रोज किती मिळतो, हा विषय निघाल्याचं ऐकिवात नाही. दोन्ही बाजूंचं लक्ष होतं ते टपरी सोडून गेलेल्याकडे.

मालकांची बाजू अगदीच लंगडी नाही. आठ टेबलांच्या हॉटेलचा मालक बऱ्याचदा स्वतःच भट्टीशी उभा असतो. जागेचं भाडं, गॅस, तेल, ऑनलाइन कंपन्यांचं कमिशन यांतून उरतं थोडं, आणि मिसळ पाच रुपयांनी महागली की तेच गिऱ्हाईक कुरकुरतं जे शेजारच्या कॅफेत दोनशेची कॉफी निमूट पितं. पण चाळीस टेबलांच्या, बाहेर गाड्यांची रांग लागणाऱ्या हॉटेलांनी हे कारण पुढे करू नये.

‘माणसंच मिळत नाहीत’ ही या धंद्यातली सध्याची मोठी तक्रार. पुणे, नाशिक, मुंबई, कुठल्याही हॉटेलच्या काचेवर चिकटवलेला कागद दिसतो: ‘वेटर, हेल्पर पाहिजेत. राहण्याची व जेवणाची सोय.’ ओडिशा, बिहार, बंगाल, नेपाळ, ईशान्येकडून पोरं येतात, टिकतात, जातात. मराठी मुलगा येत नाही म्हणून त्याला आळशी ठरवणारे आणि परप्रांतीय आला म्हणून चिडणारे, दोघेही पुष्कळ बोलतात. हाच मराठी मुलगा मोटरसायकलला पेटी बांधून उन्हातान्हात जेवण पोचवतो, तेव्हा तो आळशी नसतो. तिथे निदान अंगावर खेकसणारा मालक समोर नसतो आणि आज किती कमावले ते रात्री मोबाइलवर दिसतं. हॉटेलच्या काचेवरच्या त्या कागदावर भलं मोठं ‘जेवणाची सोय’ लिहिलेलं असतं. पगार किती, सुट्टी कुठल्या वारी आणि विमा आहे की नाही, याला मात्र त्यावर जागा नसते. कामगार खात्याने या तीन ओळी सक्तीच्या कराव्यात. खाद्यपदार्थांचे दर दर्शनी भागात लावायला हॉटेलांना जमतं, तर हेही जमेल.